तिसरा रकाना

सावळजच्या बाजारपटांगणात आमची गाडी लागते
तेव्हा मटणाचं दुकानसुद्धा उघडलेलं नसतं.
सिद्राम चाकांना दगड लावतो,
जनरेटर दोनदा खोकतो, तिसऱ्यांदा धरतो.
डॉक्टर निलोफर मुजावर टोपीत केस कोंबतात
आणि मला म्हणतात, वही काढ.

वहीत सहा रकाने.
नंबर, रंग, मालकाचं नाव, वजन, भूल, कान.
कान म्हणजे डाव्या कानाचं टोक,
नखाएवढं कापायचं,
म्हणजे पुढच्या साली लांबूनच कळतं
हिला परत धरायची नाही.

तिसऱ्या रकान्याशी मी रोज अडतो.

ही तांबूस कुत्री घ्या. शेपटीला पांढरं टोक.
चहाच्या गाड्यावर हिचं नाव राणी.
शाळेची पोरं म्हणतात पेप्सी.
पंचायतीचा शिपाई म्हणतो मेंबर,
कारण एकपण मीटिंग चुकवत नाही.
डेअरीवाला म्हणतो, नाव कशाला, हाड म्हटलं की येती.
मालक कोण, विचारलं
तर सगळे एकदम आपापल्या चपला बघतात.
"मालक न्हाय ओ. आपलीच हाय."
आता 'आपली' हे कुठल्या आडनावात लिहू?

मग बेदाण्याच्या शेडवरनं एक बाई आली,
पदराला गंधकाच्या धुरीचा वास.
गर्दीतनं सरळ वहीपाशी.
"लिवा. अक्काताई दादू ऐवळे.
अंगठा नगं, सही येती मला."
मी पेन दिलं. तिनं सावकाश,
रकान्याच्या बाहेर जाऊन, सही केली.

"टाकं किती घालता?"
बाहेरून तीन, डॉक्टर म्हणाल्या.
"मला सात."

सिद्राम कुत्रीचं पोट भादरत होता.
त्याचं मशीन चालूच राहिलं, आणि बाईही.

"ही पलीकडची मराठी शाळा. चौथीचा वर्ग.
मी त्याच वर्गात शिकल्याली.
बाकं भिंतीला सारून आमाला रांगंनं निजवलं.
भूल अर्धीच चढली बगा.
फळ्यावर तेराचा पाढा होता कुणीतरी पुसायचा ऱ्हायलेला,
त्यो वाचत पडले.
तेरा साती एक्याण्णव. तितनं फुडचं आठवत न्हाय.
एक चादर दिली, वर पैसं.
पैसं सासऱ्यानं मोजून घेतलं.
हिला काय देता?"

रेबीजची लस, मी म्हणालो.
"मंग बरंय."

डॉक्टरांनी कुत्रीच्या मागच्या पायाच्या
दोन बोटांमध्ये चिमटा काढला.
पाय हलला नाही.
त्या नेहमी एकदाच बघतात.
आज परत काढला.
दारातनं आवाज आला, "आजून एकदा बगा की."
त्यांनी आजून एकदा बघितलं.

बाकी काही सांगण्यासारखं नाही.
वीस मिनिटं. ट्रेमध्ये गुलाबी, अंगठ्याएवढं काहीतरी.
कानाला जांभळं औषध.

दुपारी कुत्री सावलीत शुद्धीवर आली,
जीभ बाहेर, डोळे कुठेच नाहीत.
राणी, राणी, चहावाला ओरडला.
पोरांनी पेप्सीचा गिल्ला केला.
तिनं कुणालाच ओ दिली नाही.
अक्काताई उलट्या क्रेटवर बसून होती.
नाव घेत नव्हती, माश्या वारत होती.
"धा दिस पळू द्यायची न्हाय म्हंता,
आन मला अर्धी हजरी पडली आज,"
असं कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाली,
आणि कुत्रीला पोत्यावर घेऊन शेडकडं गेली.

रात्री तासगावात मुक्कामाला वही जुळवताना बघतो
तर भुलीचा रकाना.
तिथे डॉक्टर फक्त आकडा लिहितात, मिलिलिटर.
सतरा नंबरला आकड्यापुढे अक्षरात लिहिलंय,
पूर्ण.

मी खाडाखोड केली नाही.
उद्या मणेराजुरी. डिझेल भरायचंय.